मिरीचं खोगीर

मास्तरीणबाईंनी खोगीर दुकानाच्या ओट्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच हळू आवाजात म्हणाल्या, "काकांना लगेच सांगू नकोस. आधी तू बघ."

सूनबाईनं हातातली आरी बाजूला ठेवली. अठरा वर्षांपूर्वी ती या घरात लग्न होऊन आली, सासऱ्यांच्या शेजारी बसून कातडं शिवायला शिकली, आणि तेव्हापासून अख्खा बाजार तिला सूनबाई म्हणू लागला. सासरे हाक मारायचे ते आधी समोरच्या कुलूपवाल्यानं उचललं, मग गिऱ्हाइकांनी. आता तर टपाल टाकणारा माणूससुद्धा दारात येऊन "सूनबाई आहेत का?" असंच विचारायचा.

मास्तरीणबाई म्हणजे गावाबाहेरच्या मैदानावर मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई. पन्नाशी उलटलेली, अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोक काढून बसलेलं पोर जागच्या जागी ताठ व्हावं. त्यांची स्वतःची एक घोडी होती. काळी कुळकुळीत, ठेंगणी आणि तिखट, म्हणून तिचं नाव मिरी.

"मिरीची पाठ सोलवटलीय," बाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला, खांद्याच्या मागे, तळहाताएवढी जागा. औषध लावलं की भरून येते आणि खोगीर चढवलं की पुन्हा तेच. काल पोटाखालचा तंग आवळायला गेले तर चावायला आली. मिरी, आणि मला!"

"जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. ते म्हणाले, खोगिराचा सांगाडाच वाकडा असणार. हे खोगीर टाकून द्या, नाहीतर घोडी कामातून जाईल."

"कुणाचा सांगाडा वाकडा?"

आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. मामंजींचं वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरायचे, हात थरथरायचे, पण कान अजून शाबूत होते. ते ओट्यापाशी आले. खोगीर त्यांनी एका नजरेत ओळखलं. पुढच्या कमानीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले.

सूनबाईला वाटलं, आता ते डॉक्टरांच्या सात पिढ्या काढणार. आपल्या कामाला कुणी नाव ठेवलं की मामंजी दुकान डोक्यावर घ्यायचे. पण त्यांनी हात काढून घेतला आणि आले तसे आत गेले.

मास्तरीणबाईंनी सूनबाईकडे बघितलं. "फार लागलं का गं त्यांना?"

"तुम्ही जा. मिरीला आराम द्या. मी उघडून बघते आणि कळवते."

बाई गेल्यावर ती आत गेली. मामंजी खिडकीपाशी बाकावर बसले होते, हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले.

"मामंजी, डॉक्टरांना खोगिरातलं काय कळतंय? त्यांनी ते उघडूनसुद्धा बघितलं नाही."

"ते माझं शेवटचं खोगीर," ते म्हणाले.

हे तिला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते केलं आणि त्यानंतर सांगाड्याचं काम तिच्याकडे दिलं. हात थरथरतात, असं कारण सांगितलं होतं.

"हात तेव्हा ठीक होते," मामंजी म्हणाले. "डोळे गेले होते. डाव्या डोळ्यात नुसतं धुकं आणि उजवाही त्याच वाटेवर; ऑपरेशन तर दोन वर्षांनी झालं. काटकोनाचा गुण्या लावायचो, पण गुण्यावरच्या रेघा कुठं दिसत होत्या? सगळं हातांवर सोपवलं आणि देवावर हवाला ठेवला."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मुलगा चष्म्याच्या दुकानात! लोकांचे नंबर काढतो, आणि घरात बाप आंधळा. बाजारात काय तोंड दाखवलं असतं त्यानं?"

तिला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आतल्या आत विरलं.

"अकरा वर्षं मी या खोगिराची वाट बघतोय, पोरी. मास्तरीणबाई रस्त्यानं येताना दिसल्या की मी आतल्या खोलीत सटकायचो. पट्टा शिवायला यायच्या, रिकिबीचं कडं बदलायला यायच्या, आणि मला वाटायचं, आलं! शेवटी आलंच."

"उद्या उघडू या."

"तू उघड. मी बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेला, आणि सूनबाईनं खोगीर कामाच्या लाकडी घोडीवर पालथं टाकलं. मामंजी खुर्ची घेऊन दाराशी बसले, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्या कुलूपवाल्यानं हात केला तरी त्यांनी बघितलं नाही. तिनं कातडं कापायची रापी घेतली आणि खालच्या गाद्यांची शिवण एकेक टाका करून उसवायला लागली. दोरा मेणवलेला होता, अजून चिवट होता.

बराच वेळ नुसता टाके तुटल्याचा आवाज येत होता. मग मामंजींना राहवलं नाही.

"कुठवर आलीस?"

"गाद्या सुटल्या."

"मधली वाट बघ. किती आहे?"

"चार बोटं. पुढून मागून सारखी."

"हं." ते रस्त्याकडेच बघत होते. "त्या चार बोटांसाठी माणसाला किती शतकं लागली असतील, कल्पना नाही. पहिल्यांदा माणूस घोड्यावर चढला तो उघड्या पाठीवर. मग कुणी कातडं टाकलं, कुणी घोंगडीची घडी. तेवढ्यावर लोकांनी मुलुखच्या मुलुख पालथे घातले. पण घडीवर बसलं की सगळं वजन कण्यावर येतं. घोडा दमतो, मग पाठ धरतो, मग बसतो. शेवटी कुणाला तरी सुचलं, की एका घडीऐवजी दोन गाद्या करा आणि मधे कण्याला हवा ठेवा. कोण होता, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही."

"बाई असेल," सूनबाई म्हणाली. "पाठीचं दुखणं बाईलाच आधी कळतं."

"असेल." ते पहिल्यांदा थोडे हसले. "गाद्यांतली लोकर कशी आहे?"

तिनं दोन्ही गाद्या हातात घेऊन दाबल्या. उजवी मऊ होती, दाबली की परत वर येत होती. डावी मात्र दगडासारखी. तिनं त्यांना लगेच सांगितलं नाही. आधी सांगाडा बघायचा होता.

"जुनी झालीय. बदलावी लागेल."

"लोकर म्हणजे खोगिराचा जीव. आणि लोक निकामी माणसं भरली की त्याला खोगीरभरती म्हणतात! ज्यानं हा शब्द काढला, त्याला एकदा नुसत्या लाकडावर बसवून दहा कोस पिटाळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं शब्द परत घेतला असता. उभ्यानं."

आता तिनं बैठकीचं कातडं सोडवलं, त्याखालच्या ताणलेल्या पट्ट्या काढल्या, आणि लाकूड उघडं पडलं. पुढं एक कमान, मागं एक कमान, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन लांब फळ्या, घोड्याच्या पाठीसारख्या वळवलेल्या. अकरा वर्षांत या लाकडाला उजेड लागला नव्हता. मामंजींना आवाजावरून कळलं असावं. त्यांचं बोलणं थांबलं.

तिनं पुढच्या कमानीच्या मध्यापासून मागच्या कमानीच्या मध्यापर्यंत दोरा ताणला. मग त्या दोऱ्यापासून डाव्या फळीचं अंतर घेतलं, ते कंपासमध्ये तसंच धरून उजव्या बाजूला लावलं. पुढं घेतलं, मधे घेतलं, मागं घेतलं. विश्वास बसेना म्हणून खोगीर फिरवून पुन्हा उलट्या बाजूनं घेतलं. मग दोन्ही कमानींवर ओळंबा सोडून बघितला.

"मामंजी."

"सांग. काय असेल ते एकदाच सांग."

"सरळ आहे."

ते वळले नाहीत. "किती सरळ?"

"एका दोऱ्याचा फरक आहे. आणि तोसुद्धा माझ्या मोजण्यातला असेल."

मामंजी खुर्चीवरून उठले. लाकडी घोडीपाशी आले, चष्मा काढून खिशात टाकला, डोळे मिटले, आणि दोन्ही हात दोन्ही फळ्यांवरून एकदम फिरवत नेले. मागून पुढं, पुढून मागं. हात थरथरत होते, पण लाकडावर टेकल्यावर ती थरथर कमी झाली. मग चष्मा लावून तिच्या हातातून कंपास घेतला आणि सगळं पुन्हा मोजलं.

"आयला," ते शेवटी खोगिराला म्हणाले. "सरळ आहेस की रे तू!"

आणि ते असे हसले की समोरचा कुलूपवाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, बाकावर बसले, आणि चहा मागितला. दोन चमचे साखर घालून. एरवी त्यांना साखर बंद होती. सूनबाईनं दोन चमचे घातले आणि वर थोडी आणखी.

त्या संध्याकाळी जेवायच्या आधी त्यांनी मुलाला स्वतःहून सगळं सांगितलं. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही दुकानात यायचात आणि तपासायला बसवलं की पाटीवरची अक्षरं धडाधड म्हणायचात. मी एकदा पाटी बदलली होती. तुम्ही जुन्याच पाटीची म्हटलीत."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"तुम्ही इतक्या ठणठणीत आवाजात म्हणत होतात, की माझी हिंमत झाली नाही. म्हणून तर 'या वयात सगळेच करतात' म्हणत दोन वर्षं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मागे लागलो, तेव्हा कुठं तुम्ही ते करून घेतलंत."

सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. मामंजी जरा वेळ फुरंगटून बसले आणि मग तेही हसले.

पण मिरीची पाठ सोलवटली होती, त्याचं काय? सकाळी मामंजी सगळ्यांच्या आधी दुकानात हजर झाले. अंगात दहा वर्षांनी तरुण माणूस शिरला होता.

"सांगाडा सरळ आहे, मग घोडं पेंड कुठं खातंय?"

सूनबाईनं दोन्ही गाद्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी डावी दाबली, उजवी दाबली, भुवया वर गेल्या. मग बैठकीचं कातडं खिडकीच्या उजेडात धरलं. डाव्या बाजूला ते आरशासारखं चकाकत होतं; उजव्या बाजूला अजून कातड्याचे बारीक दाणे दिसत होते. शेवटी रिकिबींचे दोन्ही पट्टे शेजारी शेजारी टांगले. दोन्ही एकाच भोकात होते, तरी डावा बोटभर लांब भरला. ताणून ताणून वाढला होता.

"रिकीब माणसाला फार उशिरा सुचली," पट्ट्याकडे बघत ते म्हणाले. "आधी म्हणे नुसता दोरीचा फास, अंगठा अडकवायला. मग एकाच बाजूला एक, चढण्यापुरती. दोन्ही पायांना दोन, हे पार शेवटी. आणि या खोगिरावर कुणीतरी पुन्हा एकाच रिकिबीवर आलंय."

"वर्षभर तरी असं बसत असेल."

"जास्तच."

 मिरीवर मास्तरीणबाईंशिवाय कुणी बसत नव्हतं. आणि मास्तरीणबाई म्हणजे "कान, खांदा, टाच, एका रेषेत!" असं दिवसातून शंभर वेळा ओरडणारी बाई.

"कसं सांगायचं त्यांना?" सूनबाई म्हणाली.

"सांगायचं नाही. माप घ्यायचं."

गाद्या तात्पुरत्या नव्या लोकरीनं भरून, खोगीर पुन्हा जोडून, दोघं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर गेली. मुलांची शाळा सुटायला वेळ होता, त्यामुळं तबेल्यात शांतता होती. मिरी आपल्या कप्प्यात गवत चघळत होती. पाठीवरची जखम सुकत आली होती. सूनबाईनं मऊ तार तिच्या पाठीवर दाबून आकार घेतला, कागदावर उतरवला. मिरीनं एकदा कान मागे टाकले, पण चावली नाही.

"काय निघालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"सांगाडा सरळ निघाला," सूनबाई म्हणाली. मामंजींनी घसा खाकरला. "गादी दबलीय. आता तुमचं माप घ्यायचंय."

"माझं कशाला? मी काही खोगिराखाली जात नाही."

"बाई, खोगीर दोघांचं असतं," मामंजी म्हणाले. "जे खाली असतं त्याचं आणि जे वर बसतं त्याचं. या लाकडी घोडीवर बसा. दोन मिनिटांचं काम."

नवीन मुलांना बसायला शिकवायची लाकडी घोडी कोपऱ्यात होती. सूनबाईनं तिच्यावर खोगीर चढवलं. मास्तरीणबाईंनी घड्याळ बघितलं, मैदानाकडे बघितलं, एकही मूल आलेलं नव्हतं. मग त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर चढल्या, आणि उजवा पाय पलीकडे टाकताना विजारीला धरून हातानं उचलला. पटकन, सवयीनं. त्यांना वाटलं कुणी बघितलं नाही.

सूनबाईनं त्यांच्या मागं जाऊन कॉलरच्या मध्यावर ओळंबा धरला. शिसं थोडं हललं, थांबलं. दोन गाद्यांमधल्या वाटेवर यायला हवं होतं. ते डाव्या गादीवर आलं होतं, तीन बोटं.

"बाई," तिनं मागूनच विचारलं, "उजवा पाय दुखतो का?"

मास्तरीणबाई हलल्या नाहीत. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. डावी गादी दगड झालीय. डावा पट्टा वाढलाय. उजवीकडं तुम्ही बसतच नाही."

बाई खाली उतरल्या. उतरताना या वेळी पाय लपवला नाही. पालथ्या बादलीवर बसल्या.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "जांघेतून कळ येते. आधी चढताना यायची, आता झोपेतसुद्धा येते. गोळ्या खाते."

"आणि डॉक्टर?"

"नाही गेले." त्यांनी हात चोळले. "माझ्या थोरल्या बहिणीला असंच सुरू झालं होतं. इथंच, याच जागी. वात असेल म्हणत राहिली. दाखवलं तेव्हा हाडात गाठ निघाली. सात महिन्यांत गेली. मी तिच्यावर किती चिडले होते, माहितेय? आधी का नाही दाखवलंस म्हणून. ती अंथरुणात होती तरी मी भांडले तिच्याशी. आणि मी काय करतेय? तेच. माहीत नसलं की निदान सकाळी उठून मैदानात तरी येता येतं."

मिरीनं कप्प्यातून मान बाहेर काढली. मास्तरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे हिची पाठ मी सोलली. आणि काकांच्या कामाला ते जनावरांचे डॉक्टर नावं ठेवत होते तेव्हा मी मान डोलावत होते."

"ते सोडा," मामंजी म्हणाले. "मी तरी कुठं शहाणा? अकरा वर्षं मला वाटत होतं, हे खोगीर मी डोळे नसताना केलंय, वाकडंच असणार. कुणाला बोललो नाही. परवा हिनं दोरा लावला आणि अर्ध्या तासात निकाल लागला. अर्धा तास! त्यासाठी अकरा वर्षं तोंड लपवून हिंडलो."

"तुमचं लाकूड होतं, काका. माझं हाड आहे."

 मामंजी मिरीपाशी गेले आणि तिचं कपाळ खाजवत उभे राहिले. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाले, "सूनबाई उद्या सकाळी तुम्हाला घ्यायला येईल. आठ वाजता. तयार राहा."

"काका, उद्या मला—"

"आठ वाजता," मामंजी म्हणाले, आणि आवाज असा होता की मास्तरीणबाई ताठ बसल्या.

दवाखान्यातल्या बाकावर त्या दोघी पहिल्यांदा इतक्या जवळ बसल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, शेजारच्या माणसाच्या हाताला प्लास्टर होतं, आणि मास्तरीणबाई सगळा वेळ मिरीबद्दल बोलत होत्या. ती आणली तेव्हा किती भित्री होती, छत्रीला कशी घाबरायची, पहिल्या वर्षी तिनं आपल्याला किती वेळा पाडलं. सूनबाई हूं हूं करत होती. बोलणं थांबलं की बाईंचे ओठ कोरडे पडायचे, म्हणून ती मधे मधे विचारत राहिली, "मग? मग काय केलं?"

हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पाय इकडे तिकडे वळवून बघितला, एक्स-रे काढायला लावला, आणि बहिणीचं ऐकल्यावर आणखी एक मोठी तपासणी लिहून दिली. ती दुपारी झाली. निकाल चार वाजता मिळणार होता. तोवर मास्तरीणबाईंनी चहाला हात लावला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी आत बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं आणि पेन्सिलीनं दाखवलं.

"तुम्ही पूर्वी कधी पडला होतात का?"

"घोडेस्वारी शिकवते मी. किती वेळा पडले ते मोजलेलं नाही."

"मग बरोबर. खुब्याच्या सांध्यात झीज आहे. दोन हाडांच्या मधली गादी पातळ झालीय. म्हणून कळ येते."

"आणि गाठ?"

"कसली गाठ?"

"गाठ कुठं आहे?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "गाठ नाहीये."

"एक्स-रेत नाही, की दोन्हींत नाही?"

"दोन्हींत नाही. हाड स्वच्छ आहे. व्यायाम करायचे, सहा आठवडे घोड्यावर बसायचं नाही. पुढं कधीतरी, आठ-दहा वर्षांनी, सांधा बदलावा लागेल कदाचित. पण गाठबीठ काही नाही."

"परत एकदा सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी परत सांगितलं. न वैतागता.

बाहेर आल्यावर बाई चार पावलं चालल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. सूनबाईला वाटलं चक्कर आली. पण त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबत नव्हतं. जाणारे-येणारे बघत होते. सूनबाईनं त्यांचा हात घट्ट धरला. 

"भूक लागली गं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मरणाची भूक लागलीय."

तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये त्यांनी तीन अंडी आणि पाव खाल्ले, सूनबाईचा अर्धा पावही खाल्ला, आणि मग दोन कप चहा. खाऊन झाल्यावर बराच वेळ रिकाम्या बशीकडे बघत बसल्या.

"ताईला सांगायला हवं होतं आज," त्या म्हणाल्या. "शिव्या घातल्या असत्या तिनं मला. माझेच शब्द मला ऐकवले असते." मग त्यांनी बशी बाजूला सारली. "चल. मिरीचं औषध लावायची वेळ झाली."

सहा आठवडे बाई मिरीवर बसल्या नाहीत. जमिनीवर उभ्या राहून मुलांवर ओरडल्या, सकाळ-संध्याकाळ चटईवर पडून पाय उचलायचे व्यायाम केले आणि त्याबद्दल सगळ्यांपाशी तक्रार केली. दुकानात खोगीर पुन्हा पूर्ण उघडलं गेलं. नवी लोकर पिंजायचं काम मामंजींनी मागून घेतलं. लोकर पिंजायला हात थरथरले तरी चालतात, उलट बरंच असतं, असं ते म्हणाले. दिवसभर बाकावर बसून ते लोकरीच्या गाठी सोडवायचे आणि कापसासारखे ढीग लावायचे.

एके दिवशी हातातली लोकर तशीच ठेवून ते म्हणाले, "बैठक मधे अरुंद केली तर? मांड्या कमी फाकतील. जांघेवर ताण कमी येईल."

सूनबाईच्याही मनात ते आलं होतं. पण त्यासाठी फळ्यांच्या वरच्या कडा घासाव्या लागल्या असत्या. तुमच्या सांगाड्याला कानस लावू का, हे विचारायची तिची जीभ वळली नव्हती.

"लाकूड घासावं लागेल, मामंजी."

"मग घास. दोन्हीकडून सारखं घास म्हणजे झालं."

तिनं दोन दिवस थोडं थोडं घासलं. दर वेळी मोजलं, आणि दर वेळी मामंजींनी उठून मागून मोजलं. भुसा जमिनीवर पडत होता आणि ते मोजता मोजता गुणगुणत होते. सूनबाईनं त्यांना कितीतरी वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात मिरीवर खोगीर चढलं. पाठीवर आता नवे केस आले होते, त्या जागी किंचित तांबूस. सूनबाईनं खोगीर थोडं पुढं ठेवून मागं सरकवलं, केस नीट बसले की नाही बघितलं, आणि मास्तरीणबाईंनी तंग आवळायला हात घातला. सगळ्यांचं लक्ष मिरीच्या कानांकडं होतं. कान पुढंच राहिले. बाईंनी एक भोक आवळलं, थांबल्या, दुसरं आवळलं. मिरीनं शेपटी हलवून एक माशी उडवली.

बाई मैदानाकडेच्या बुटक्या ओट्यावरून चढल्या. पाय सावकाश टाकला, पण हातानं उचलला नाही. बसल्या, जरा हलून बघितलं, आणि तोंडातून "अरे!" एवढंच निघालं.

"काय झालं?" सूनबाई पुढं धावली.

"काही नाही गं. दुखत नाहीये. म्हणजे, थोडं आहे, पण..." त्यांनी हात हवेत केला. "बसता येतंय."

मिरी चालायला लागली. पहिली फेरी ताठ मानेनं, जणू अजून दुखेल म्हणून वाट बघत. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तिची पावलं लांब पडायला लागली, मान हळूहळू खाली आली, आणि तिनं नाकातून मोठ्यानं फुर्र केलं. मास्तरीणबाईंनी लगाम सैल सोडला.

मामंजी कुंपणाच्या दांडीवर दोन्ही हात टेकून उभे होते. ऊन कलायला लागलं होतं. सूनबाईनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"मामंजी, निघायचं ना? तुमचे गुडघे दुखतील."

"थांब गं," ते नजर न काढता म्हणाले. "आणखी एक फेरी बघू दे."

ती पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी उभी राहिली.